हाडातून ऐकू येते, पण दोन्ही कानांनी ऐकू येते का?

- प्रतिनिधी

गर्दीच्या रस्त्यावर मागून कोणी हाक मारली की मान आपोआप त्या दिशेला वळते. हाक कोणाची हे कळण्याच्या आत ती कुठून आली हे कळलेले असते. डोळे समोर असताना पाठीमागून येणाऱ्या रिक्षाचा अंदाज येतो तोही असाच. हे काम कोणत्याही एका कानाचे नव्हे. दोन कानांनी टिपलेल्या आवाजांत जो सूक्ष्म फरक असतो, तो मेंदू ताडून पाहतो आणि त्यावरून दिशा ठरवतो. एक कान कितीही तीक्ष्ण असला तरी हा फरक त्याला एकट्याने निर्माण करता येत नाही.

ज्यांचा अंतर्कर्ण शाबूत आहे, परंतु बाहेरचा आवाज तिथपर्यंत पोचण्याची वाटच बंद आहे, अशांसाठी अस्थिवहन श्रवणयंत्रे वापरली जातात. ही यंत्रे कवटीच्या हाडाला कंपने देतात आणि त्या कंपनांच्या रूपाने आवाज अंतर्कर्णात पोचतो. कवटी अखंड असल्याने एका बाजूला दिलेले कंपन दुसऱ्या बाजूलाही जाते. त्यामुळे 'एक यंत्र लावले की दोन्ही कानांचे काम भागते' अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती आणि अनेक पालकांच्या मनात ती अजूनही असते. ही समजूत अर्धी खरी आहे. उरलेले अर्धे काय, हे समजून घेतल्याशिवाय एक यंत्र घ्यावे की दोन, याचा निर्णय नीट होऊ शकत नाही.

दोन कानांचे गणित

हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानात किंचित उशिरा पोचतो. हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तरीही मेंदू तो नोंदवतो. दुसरा फरक तीव्रतेचा. डोके हा ध्वनीच्या वाटेतला अडथळा असल्याने पलीकडच्या कानावर जणू डोक्याची सावली पडते आणि तिथे आवाज क्षीण होऊन पोचतो. बारीक, म्हणजे उच्च कंप्रतेच्या आवाजांत ही सावली गडद असते. खर्जातल्या आवाजांत ती जवळपास नसतेच. खालच्या स्वरांसाठी वेळेचा आणि वरच्या स्वरांसाठी तीव्रतेचा फरक मेंदू वापरतो, ही मांडणी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केली. पुढील शतकभरात तिच्यात भर पडली, पण तिचा गाभा कायम आहे.

दोन कानांचा लाभ दिशेपुरता मर्यादित नाही. लग्नाच्या पंगतीत, वर्गात किंवा कार्यालयातील कोलाहलात समोरच्याचे बोलणे वेगळे काढून ऐकता येते, त्याचे श्रेयही दोन कानांनाच जाते. ज्या बाजूला गोंगाट कमी, त्या बाजूच्या कानाकडे मेंदू अधिक लक्ष देतो. शिवाय दोन्ही कानांकडून आलेल्या संदेशांची तुलना करून तो गोंगाटाचा काही भाग बाजूला सारतो. ही तुलना मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या बुंध्याशीच सुरू होते. तिला कच्चा माल म्हणून दोन वेगवेगळे संदेश लागतात. दोन्ही बाजूंनी एकच संदेश आला तर तुलनेला काही उरतच नाही.

आवाजाची दुसरी वाट

नेहमीच्या वाटेने येणारा आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतो. पडद्यामागील हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांची साखळी तो पुढे ढकलते आणि शंखाच्या आकाराच्या कर्णावर्तात, म्हणजे कॉक्लियात, त्याचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर होते. कॉक्लिया मात्र कवटीच्या हाडातच बसवलेला असतो. त्यामुळे हाड थरथरले तर मधली सारी साखळी टाळून आवाज थेट त्याच्यापर्यंत पोचतो. ध्वनिमुद्रित केलेला स्वतःचा आवाज आपल्याला परका वाटतो, याचे कारण हेच. एरवी स्वतःचे बोलणे आपण हवेतून आणि हाडातून असे दोन्ही वाटांनी ऐकत असतो. मुद्रणात हाडाची वाट गळून पडते.

वाचकांना एक साधा प्रयोग करून पाहता येईल. तोंड मिटून एकसुरी गुणगुणावे आणि एका कानात बोट घालावे. आवाज बंद केलेल्या कानात अधिक मोठा झाल्यासारखा वाटतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली नोंदवलेल्या अशाच निरीक्षणावरून कान-नाक-घसा तज्ज्ञांची एक तपासणी आली. थरथरणारा ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर टेकवतात आणि आवाज कोणत्या बाजूला ऐकू येतो ते विचारतात. अडथळा वाटेत आहे की दोष अंतर्कर्णात, याचा पहिला अंदाज त्यातून येतो.

हाडाची वाट ज्यांना खरोखर उपयोगी पडते, असे रुग्ण मुख्यतः तीन प्रकारचे असतात. पहिला गट जन्मतः कानाची नळी तयार न झालेल्या मुलांचा. अनेकदा त्यांच्या कानाची बाहेरची पाळीही अपुरी असते. हा दोष साधारणपणे दहा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकात आढळतो आणि बहुतेकांत तो एकाच बाजूला असतो. ट्रीचर कॉलिन्स यांसारख्या सिंड्रोममध्ये मात्र तो दोन्ही बाजूंना दिसतो. दुसरा गट वर्षानुवर्षे कान वाहणाऱ्यांचा. अशा कानात नेहमीच्या श्रवणयंत्राचा साचा बसवला की हवा कोंडते आणि पू होणे थांबत नाही. तिसरा गट मधल्या कानाच्या शस्त्रक्रियांनंतरही ऐकू न येणाऱ्यांचा. या तिन्ही गटांत अंतर्कर्ण बहुधा चांगला असतो. ऑडिओग्रामवर हवेच्या आणि हाडाच्या वाटेच्या रेषांमध्ये मोठी दरी दिसते.

गोथेनबर्गमधील स्क्रू

हाडाला कंपने देणारी यंत्रे जुनीच आहेत. ती डोक्यावरच्या स्प्रिंगच्या पट्टीवर किंवा चष्म्याच्या काडीत बसवलेली असत. ती घट्ट दाबून बसवावी लागत. त्यामुळे डोके दुखे, त्वचेवर वळ उठत आणि मधली त्वचा बारीक आवाज गिळून टाकी. यातून मार्ग निघाला तो स्वीडनमध्ये, आणि तोही दातांच्या उपचारातून. टायटॅनियमवर जिवंत हाड घट्ट धरते, हे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात पाहिले आणि १९६५ साली गोथेनबर्ग येथे त्यांनी रुग्णाच्या जबड्यात पहिले टायटॅनियमचे मूळ बसवले. त्याच शहरातील शल्यविशारद अँडर्स ट्येल्स्ट्रोम यांनी १९७७ साली कानामागील हाडात असाच स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र जोडले. कंपन देणाऱ्या यंत्राच्या रचनेत चाल्मर्स तंत्रविद्यापीठाचे अभियंते बू हॉकान्सन यांचा मोठा वाटा होता. 'बाहा' या नावाने हे यंत्र पुढे जगभर पोचले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्राला दिलेल्या परवानग्यांचा क्रम बोलका आहे. १९९६ साली प्रौढांसाठी, १९९९ साली पाच वर्षांवरील मुलांसाठी, २००१ साली दोन्ही बाजूंना दोन यंत्रे लावण्यासाठी आणि २००२ साली एका कानाने पूर्ण बहिऱ्या असलेल्यांसाठी मान्यता मिळाली. म्हणजे दुसऱ्या यंत्राचा विचार अधिकृतपणे रुजायला पहिल्या शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ पाव शतक जावे लागले.

एका यंत्राने नेमके काय होते?

हेडफोनमधून एका कानात दिलेला आवाज दुसऱ्या कानापर्यंत झिरपतो तेव्हा तो साधारण ४० डेसिबल किंवा त्याहून अधिक क्षीण झालेला असतो. हाडातून मात्र ही घट फारच थोडी असते. ती व्यक्तीनुसार आणि स्वरानुसार बदलते. अनेकदा शून्य ते दहा डेसिबलच्या आसपासच असते. म्हणून उजव्या बाजूच्या यंत्राचा आवाज डाव्या कॉक्लियालाही जवळपास तितकाच मिळतो. 'एकात दोन' ही समजूत इथूनच आली.

मात्र यंत्राचा मायक्रोफोन एकच असतो आणि तो एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूने कोणी बोलले तर त्याचा आवाज डोक्याच्या सावलीतून क्षीण होऊनच त्या मायक्रोफोनपर्यंत येतो. शिवाय दोन्ही कॉक्लियांना जे मिळते ते त्याच एका मायक्रोफोनने टिपलेले असते. डावीकडचा आणि उजवीकडचा असा भेद त्यात शिल्लक राहत नाही. एकाच मायक्रोफोनवर मुद्रित केलेले गाणे दोन स्पीकरांवर वाजवले म्हणून त्याचे स्टीरिओ होत नाही, तसेच हे आहे. आवाज दोन्ही कानांत पोचतो, पण दोन्ही कानांनी ऐकण्याची क्रिया घडत नाही.

दोन यंत्रे लावली तर

दोन्ही बाजूंना यंत्रे लावली की मायक्रोफोन दोन होतात. सावलीतली बाजू उरत नाही, एवढा लाभ तर्कानेही सांगता येतो. शंका होती ती पुढच्या टप्प्याची. दोन्ही यंत्रांचे कंपन कवटीत एकमेकांत मिसळणार असेल, तर मेंदूला वेगळे संदेश मिळणार कसे? हा प्रश्न प्रत्यक्ष मोजमापानेच सुटण्यासारखा होता.

नेदरलँड्समधील नाइमेखन येथील संशोधकांनी दोन्ही बाजूंना यंत्रे लावलेल्या २५ रुग्णांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केले. एकच यंत्र चालू असताना समोरच्या कोणत्या स्पीकरमधून आवाज आला हे ओळखणे त्यांच्यासाठी जवळपास अंदाजपंचेच होते. दोन्ही यंत्रे चालू केल्यावर त्यात स्पष्ट सुधारणा दिसली. शांततेत आणि गोंगाटात बोलणे समजण्यातही फरक पडला. दोन बाजूंच्या संदेशांची तुलना मेंदू खरोखरच करतो आहे, हे दाखवणाऱ्या चाचण्याही त्यात होत्या. पुढे स्वीडनमध्ये झालेल्या अभ्यासांतून याला दुजोरा मिळाला.

याचे स्पष्टीकरण असे, की कवटीतली घट थोडी असली तरी ती शून्य नसते. प्रत्येक यंत्राचा आवाज जवळच्या कॉक्लियाला किंचित आधी आणि किंचित जोरात मिळतो. तेवढ्या फरकावर मेंदू काम चालवतो. मात्र हवेच्या वाटेने दोन निरोगी कानांना जितका लाभ मिळतो, तितका हाडाच्या वाटेने मिळत नाही, हेही त्याच अभ्यासांतून दिसते. दोन यंत्रे म्हणजे निसर्गदत्त दोन कान नव्हेत; मात्र एका यंत्रापेक्षा ती त्यांच्या बरीच जवळ जातात.

त्यासाठी एक अट आहे. दोन्ही अंतर्कर्णांची हाडातून ऐकण्याची क्षमता जवळपास सारखी हवी. सामान्यतः दोहोंतील सरासरी फरक दहा डेसिबलच्या आत असावा असा निकष लावला जातो. फरक मोठा असेल तर दोन्ही यंत्रांचा आवाज चांगल्या कॉक्लियाच्याच वाट्याला जातो आणि दुसऱ्या यंत्राचा खर्च फारसा कामी येत नाही. गोंगाट एका बाजूला असताना त्या बाजूचे यंत्र तो गोंगाटही आत आणते, हा तोटाही लक्षात घ्यावा लागतो.

एकच कान चांगला असेल तेव्हा

सर्वाधिक गैरसमज इथे होतात. एका कानाचा कॉक्लिया पूर्ण निकामी असेल, तर त्या बाजूला लावलेले अस्थिवहन यंत्र तिकडचा आवाज टिपून हाडातून चांगल्या कानाकडे पाठवते. बहिऱ्या बाजूला बसलेल्या माणसाचे बोलणे त्यामुळे ऐकू येते आणि मान वळवण्याचा त्रास वाचतो. हा लाभ लहान नाही. पण ऐकणारा कॉक्लिया एकच असल्याने दोन कानांचे श्रवण यातून परत येत नाही आणि आवाजाची दिशाही कळू लागत नाही. यंत्र घेण्यापूर्वी ही मर्यादा रुग्णाला स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे.

एका बाजूची नळी बंद, पण आतला कॉक्लिया चांगला आणि दुसरा कान पूर्ण निरोगी, ही स्थिती निराळी. इथे दोन्ही कॉक्लिया काम करतात. त्यामुळे एकाच यंत्राने दोन कानांचे श्रवण साधण्याची शक्यता असते. पण यंत्राचा आवाज निरोगी कानाकडेही झिरपतो आणि जन्मापासून एकाच कानावर विसंबलेल्या मेंदूने आपली वेगळी युक्ती बसवलेली असते. त्यामुळे अशा रुग्णांतील निष्कर्ष व्यक्तीगणिक बदलतात. कोणाला स्पष्ट लाभ होतो, तर कोणी काही महिन्यांनी यंत्र काढून ठेवतो. शस्त्रक्रियेपूर्वी यंत्र वापरून पाहणे इथे अनिवार्यच मानावे.

मुलांच्या बाबतीत घाई कशाची?

दोन्ही नळ्या बंद असलेल्या बालकाचे श्रवण बहुधा ६० डेसिबलच्या आसपास घटलेले असते. मीटरभर अंतरावरून होणारे साधे संभाषणही साधारण तेवढ्याच तीव्रतेचे असते. म्हणजे घरातले बोलणे त्याच्यापर्यंत जेमतेम पोचते किंवा पोचतच नाही, आणि भाषा तर ऐकूनच येते. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, हा जगभर मान्य झालेला दंडक यासाठीच आहे.

इतक्या लहान मुलाच्या पातळ, मऊ कवटीत स्क्रू बसवत नाहीत. त्याऐवजी कापडी लवचिक पट्टीवर यंत्र बसवून ती डोक्याभोवती बांधतात. एका पट्टीवर दोन यंत्रेही बसवता येतात. कानामागे चिकटवून लावण्याची यंत्रेही उपलब्ध झाली आहेत. शस्त्रक्रियेचा विचार नंतर, हाडाची जाडी पाहून होतो. त्यातही आता पर्याय आहेत. त्वचेतून बाहेर येणाऱ्या स्क्रूभोवती रोज स्वच्छता राखावी लागते आणि जंतुसंसर्गाची भीती असते. म्हणून चुंबकाच्या साहाय्याने त्वचेवरून जोडले जाणारे आणि कंपन देणारा भाग त्वचेखालीच ठेवणारे प्रकार २०१० नंतरच्या दशकात आले. मात्र शरीरात चुंबक असलेल्या रुग्णाला पुढे एमआरआय करताना अडचण येऊ शकते, हे आधीच विचारून घ्यावे.

आणखी एक गफलत पालकांकडून होते. बरगडीच्या कूर्चेपासून कानाची पाळी घडवण्याची शस्त्रक्रिया झाली की ऐकूही येईल, असे त्यांना वाटते. पाळीने चेहरा सावरतो. बंद नळी त्यामुळे उघडत नाही. श्रवणयंत्राचा स्क्रू कुठे बसवायचा हे मात्र पाळी घडवणाऱ्या प्लास्टिक सर्जनशी बोलूनच ठरवावे लागते. अन्यथा पाळीसाठी लागणारी त्वचाच आधीच्या व्रणामुळे निरुपयोगी होऊ शकते.

खर्च आणि कायदा

शस्त्रक्रियेसह अशा एका यंत्राचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो आणि दुसरे यंत्र घेतले की तो जवळपास दुप्पट होतो. दुसऱ्या यंत्राचा विषय बहुतेक घरांत इथेच संपतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या कंप्रतांवर ६० ते ७० डेसिबल घट असलेली व्यक्ती श्रवणक्षीण आणि ७० डेसिबल घट असलेली व्यक्ती बधिर ठरते. दोन्ही नळ्या बंद असलेली अनेक मुले या ६० डेसिबलच्या उंबरठ्यावरच घुटमळतात, तर एकाच बाजूने बहिरे असलेले या व्याख्येत बसत नाहीत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेत श्रवणचाचणी आणि यंत्रांबाबतचे मार्गदर्शन मिळते. कॉक्लिअर इम्प्लांट आणि अस्थिवहन यंत्र या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत, हेही अर्ज करताना ध्यानात असावे. पहिले निकामी कॉक्लियासाठी असते, दुसरे चांगल्या कॉक्लियासाठी.

व्यायाम करणाऱ्यांसाठी मिळणारे अस्थिवहन हेडफोनही श्रवणयंत्राला पर्याय नाहीत. ते संगीत किंवा फोनवरचे बोलणे ऐकवण्यासाठी असतात. रुग्णाच्या ऑडिओग्रामनुसार त्यांची जुळणी होत नाही.

विचारावेत असे प्रश्न

यंत्र ठरवण्यापूर्वी रुग्णाने किंवा पालकांनी श्रवणतज्ज्ञाला काही प्रश्न जरूर विचारावेत. दोन्ही बाजूंची हाडातून ऐकण्याची पातळी स्वतंत्रपणे मोजली आहे का? दोहोंत फरक किती आहे? पट्टीवर आधी एक आणि मग दोन यंत्रे लावून काही आठवडे पाहता येईल का? चाचणी केवळ शांत खोलीत झाली की गोंगाटातही? आवाजाची दिशा ओळखता येते का, हे तपासले का? शांत खोलीत एक आणि दोन यंत्रांतला फरक थोडाच दिसतो. तो खऱ्या अर्थाने दिसतो वर्गात, रस्त्यावर आणि चार माणसांच्या गप्पांत. म्हणून घरी आणि शाळेत वापरून पाहण्याला पर्याय नाही.

दुसरे यंत्र परवडत नसेल तर पहिलेही टाळावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. एका यंत्रानेही बंद वाट उघडते, बोलणे कानावर पडते आणि भाषा येते. अशा मुलाला वर्गात पुढे आणि यंत्राची बाजू शिक्षकांकडे राहील अशा रीतीने बसवावे. शिक्षकांच्या गळ्यातील मायक्रोफोनचा आवाज थेट यंत्रात देणारी सोयही काही यंत्रांत असते. मात्र 'एकाने दोन्ही कानांचे भागते' असे सांगून कोणी विषय संपवत असेल, तर तो पुन्हा उघडावा. मुलाला आवाज ऐकू येतो का, एवढ्यावर न थांबता तो कुठून येतो हे त्याला कळते का, असेही विचारावे. रस्ता ओलांडताना त्याला या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचीच गरज लागणार आहे.